उत्तरेच्या भिंतीचे नऊ खण

पहिला खण

हेनर नावाच्या शेतघराच्या उत्तरेच्या भिंतीत नऊ खण. खाली तीन, मध्ये तीन, वर तीन. ओकच्या काळ्या लाकडाच्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत कूड. घराला साडेतीनशे वर्षं झाली असं सगळे म्हणत. मोजायला कोणी बसलं नव्हतं. घर जरासं पुढे कललेलं, म्हाताऱ्याने कानामागे हात धरून ऐकावं तसं.

त्यातला खालचा, डावीकडचा खण एनॉक बफ्टनने भरला आणि त्याच संध्याकाळी तो गेला.

ही फेब्रुवारीतली गोष्ट. जानेवारीत कौन्सिलची नोटीस आली होती. उत्तरेची भिंत पोकळ झाली आहे, तेवीस ऑक्टोबरपर्यंत नीट बंद केली नाही तर घर राहण्यास अयोग्य ठरवून पाडण्यात येईल. एनॉकने नोटीस दोनदा वाचली आणि चुलीत सारली.

"विटा भरा म्हणतोय," तो बायकोला म्हणाला. "ओकच्या चौकटीत विटा म्हणजे ओल्या सदऱ्यावर कोट. आतल्या आत कुजेल सगळं. ज्यानं भरलं होतं त्यानंच भरायचं, केझाया. मातीनं."

नऊही खणांतली जुनी पोकळ माती त्याने फोडून काढली. नव्या काठ्या बसवल्या, त्यांत हेझलच्या झाडाचे फोक विणले. आठवडाभर त्याचं विणकामच चाललं होतं. मग चिकणमाती, शेण, कापलेला पेंढा आणि पाणी एकत्र करून गाईला त्यावर फिरवलं. केझाया अंडी घेऊन किंग्टनच्या बाजाराला गेली, त्या दिवशी चिखल तयार झाला होता.

"मी येईपर्यंत हात लावू नकोस," ती निघताना म्हणाली होती.

कारण कुडाला दोघं लागतात. एक आतून, एक बाहेरून. दोघांनी एकाच जागी, एकाच वेळी गोळा मारायचा. तेव्हा कुठे फोकांच्या फटींतून दोन्हीकडची माती एकमेकीला धरते. एकट्याने मारलेला गोळा पलीकडे जाऊन पडतो. भिंत मध्ये असते, जोडीदार दिसत नाही, म्हणून खांबावर टकटक करायची. एक टक म्हणजे मार. दोन म्हणजे दाब. तीन म्हणजे झालं काम, चल आत, जेवायला.

ती पाचला परतली. एनॉक टेबलाशी बसला होता, हनुवटी छातीवर, कोपरापर्यंत माती. समोर सफरचंदाच्या सायडरचे दोन मग. एक रिकामा, एक काठोकाठ भरलेला. तिला वाटलं, स्वतःचा प्यायला आणि माझा भरून ठेवला.

पहिला खण दोन्ही बाजूंनी भरलेला होता.

"वेड्यानं आतबाहेर धावून एकट्यानं भरला," ती दफनाच्या दिवशी सगळ्यांना सांगत होती. "छाती भरून आली ती त्यानंच." सगळ्यांनी माना हलवल्या. शेजारच्या एबेल प्रीसने तेवढी हलवली नाही. पण एबेल बहिरा. त्याला ऐकूच आलं नसेल असं सगळे समजले.

दुसरा, तिसरा

मार्चपासून भिंतीवर गोणपाट होतं. कोकरं झाली, गवत कापून झालं, राणीच्या राज्याभिषेकाच्या पताका गावात लागल्या आणि उतरल्या, पण केझायाने गोणपाट वर केलं नाही. तिची बहीण डॉर्कस दर रविवारी यायची. कौन्सिलच्या नव्या विटांच्या घरात राहायची ती, नळ घरात असलेल्या.

"माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे, केझ. या लाकडांत काय ठेवलंय?"

"एनॉक," असं केझाया म्हणाली नाही. ती म्हणाली, "कोंबड्या."

पण ऑक्टोबर उजाडला तशी तिची झोप उडाली. घर गेलं तर त्याने विणलेला तो कूडही जाणार होता, पहिल्या खणातली त्याच्या हाताची माती जाणार होती आणि टेबलाशी त्याची बसायची जागाही. तेवीस तारीख शुक्रवारी. मंगळवारी ती एबेलच्या दारात जाऊन उभी राहिली.

"कुडाला माणूस हवाय."

"काय?"

"कूड!" तिने दोन हातांनी लिंपायची खूण केली.

एबेल प्रीस पंचाहत्तरचा होता. त्या दरीत कूड लिंपता येणारी माणसं आता दोनच उरली होती आणि ती दोघं एकमेकांसमोर उभी होती. एबेलने टोपी मागे सारली. "शेवटच्या खणापर्यंत येतो," म्हणाला. "शेवटचं बघू."

बुधवारी तो आला. त्याने बाहेरची बाजू घेतली आणि तोंडाचा पट्टा सोडला. बहिऱ्याच्या शिव्या दरीच्या पलीकडे ऐकू जात.

"माती केलीस का पुडिंग गं पोरी? हिच्यात मनुके घालायचे राहिले!"

"अठ्ठावन्न वर्षांची पोरगी कुठं दिसली तुम्हाला?"

"काय?"

"काही नाही!"

"मग तसं बोल की."

टक. मार. टक टक. दाब. खण भरत आला की कोपऱ्यात शेवटचा हात. म्हणजे दोघांनी एकाच जागी आपापल्या बाजूने पंजा टेकायचा आणि दहा अंक मोजायचे. एनॉकबरोबर तीस वर्षं तिने असे हात टेकले होते. एनॉक डावरा होता. तिचा उजवा, त्याचा डावा. समोरासमोर आले की अंगठ्याला अंगठा लागायचा. एबेलचा उजवा हात आला तेव्हा तिच्या अंगठ्यापाशी त्याची करंगळी आली. तिला उगाच चुकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी एबेल आत जेवायला बसला. खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या मातीचं एक ढेकूळ होतं, एनॉकने फोडताना बाजूला ठेवलेलं. एबेलने ते उचललं. त्यात पंजाचा ठसा होता. उजवा हात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, मग बोटभर सपाट जागा, आणि करंगळी.

"हा होय," एबेल ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाला.

"कोण?" तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"पहिल्यांदा ज्यानं बाहेरून लिंपली तो. आमचा आजा सांगायचा. भिंत बंद झाली त्या दिवशी आतल्यानं बाहेरच्याला जेवू घालायचं असतं. याला बोलावलंच नाही म्हणे. काहीतरी बोलाचाली झाली होती. त्यांनी आत दार लावून घेतलं, पाव कापला, आणि हा बाहेर तीन टक करत राहिला."

"मग?"

"मग काय? जेवला नाही म्हणजे काम संपलं नाही." त्याने पावाला लोणी लावलं. "एनॉकनं फोडायला नको होती. कमीत कमी एकदम नऊच्या नऊ नको होते."

केझायाला विषय आवडला नाही. "तुमच्या बाजूचे खण बघून आले मी," ती ओरडली. "डुकरानं अंग घासल्यासारखे दिसतायत!"

हे मात्र एबेलला नीट ऐकू आलं. तो टोपी घालून निघून गेला.

चौथा

गुरुवारी धुकं असं उतरलं होतं की दारातून विहीर दिसेना. केझाया आठ वाजता आतल्या बाजूला तयार उभी राहिली. एबेल येतो की रुसतो, हा प्रश्नच होता. तिने खुरप्याच्या मुठीने खांबावर हळूच वाजवलं.

टक.

पलीकडून लगेच आलं. टक.

"आला बाई म्हातारा," ती पुटपुटली आणि तिने गोळा मारला. त्याच क्षणी पलीकडून गोळा बसला. तिच्या तळहाताला तो धक्का जाणवला. नेमका, जरासुद्धा इकडे तिकडे नाही.

पाचवा

टक.

टक.

टक टक.

टक टक.

टक.

टक.

"कालच्यापेक्षा बरं जमतंय हं एबेल!"

टक टक.

सहावा

शिव्या नव्हत्या.

हे तिच्या सहाव्या खणात ध्यानात आलं. म्हातारा काल श्वास घ्यायला थांबला तरी शिवीवर थांबत होता. आज खोकलासुद्धा नाही. डुकराचं बोलणं फारच लागलेलं दिसतंय, तिने मनाशी म्हटलं. दुपारी ॲपल पाय गरम करून देऊ, मग सुटेल तोंड.

काम मात्र पाण्यासारखं चाललं होतं. काल दिवसभरात दोन खण झाले होते. आज अकरा वाजायच्या आत तीन. ती गोळा उचलायच्या आधी टक येई. हात कुठे न्यायचा हे तिला ठरवावं लागत नव्हतं. एनॉकबरोबरसुद्धा असं जमत नसे, आणि हे मनात आल्याबरोबर तिला फेब्रुवारीतल्या बाजाराचा दिवस आठवला. का आठवला, कळेना.

कोपऱ्यात शेवटचा हात टेकताना माती फार गार लागली. धुक्याचा दिवस, असणारच. करंगळी तिच्या अंगठ्यापाशी आली. करंगळीच्या शेजारी मात्र काहीच दाबलं जात नव्हतं. म्हाताऱ्याची बोटं आखडली असतील, ती म्हणाली. दहा मोजले, हात काढला.

सातवा

वरच्या ओळीसाठी तिने आत मांडवळ लावली, दोन लाकडी घोड्यांवर फळी, आणि वर चढली. सातवा खण निम्मा झाला असेल.

"केझाया!"

आवाज मागून आला. स्वयंपाकघराच्या दारातून. तिने मान वळवली.

एबेल प्रीस उंबरठ्यावर उभा होता. टोपीवर धुक्याचे थेंब आणि डावा हात गळ्यात बांधलेला.

"कालवडीनं लाथ मारली गं पहाटे. डॉक्टरकडं नेलं मला थोरल्या पोरानं, आत्ता सोडलं. निरोप धाडायलाही कोणी..." तो थांबला. त्याची नजर भिंतीवर फिरली. चौथा. पाचवा. सहावा. "हे कुणी केलं?"

केझायाच्या हातात मातीचा गोळा होता.

टक, भिंतीपलीकडून आलं.

एबेल बहिरा. त्याला ऐकू आलं नाही. तो तिचा चेहरा बघत राहिला.

टक.

"काय झालं? पोरी, काय झालं?"

तिने खांबाकडे बोट दाखवलं. एबेल पुढे आला. त्याने चांगला हात खांबावर सपाट ठेवला. माणूस गाईच्या पोटावर ठेवतो तसा. आणि वाट बघितली.

टक. टक.

एबेलने हात काढून घेतला आणि पाटलोणीला पुसला. पुन्हा पुन्हा पुसला.

दोघं बाहेर गेली. पुढच्या दाराने, कोपऱ्यावरून वळून, एकमेकांना चिकटून. भिंतीशी कोणी नव्हतं. खालच्या गवतावर दव जसंच्या तसं होतं, एकाही पावलाने मोडलेलं नाही. शिडी नव्हती. शिडी कोठारात होती, काल तिनेच ठेवलेली. आणि सातवा खण जमिनीपासून दोन माणसं उंच. तोही बाहेरून निम्मा भरलेला, आतल्या इतकाच.

माती लख्ख गुळगुळीत होती. चौथ्या, पाचव्या, सहाव्या खणाच्या कोपऱ्यात एकेक ठसा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, सपाट जागा, करंगळी.

केझाया पहिल्या खणापाशी वाकली. एनॉकच्या. तिथे बाहेर एनॉकचा डावा हात उमटला होता, अंगठ्याच्या पेराला चीर, ती तिच्या ओळखीची. हा खण एनॉकने बाहेरून भरला होता. मग आतून?

ती आत धावली. पहिल्या खणावर तिने मार्चमध्येच चुना फासला होता, न बघता. खुरप्याने तो खरवडला. चुन्याखालून आधी अंगठा निघाला. मग दोन बोटं. मग सपाट जागा.

"त्या दिवशी हा आत होता," ती म्हणाली. मग मोठ्याने, एबेलच्या कानाशी: "मी बाजारात होते. एनॉकला वाटलं मीच आहे आत. यानं आतून तीन टक केल्या, एनॉक जेवायला आत आला. दोन मग भरले. एक यानं रिकामा केला."

"आणि एनॉकनं मान वर करून बघितलं," एबेल म्हणाला.

तो सातव्या खणाकडे वळला.

"हा खण अर्धा सोड. तसाच," एबेल म्हणाला. "उद्या त्या कौन्सिलच्या साहेबाला दाखव, म्हण म्हातारीला जमलं नाही. डॉर्कसकडं जा. नळ आहे तिथं."

"अडीच खण राहिलेत. अडीच खणांसाठी घर देऊ?"

"हो."

"तुम्ही एका हातानं बाहेर उभे राहाल?"

एबेलने टोपी डोळ्यांवर ओढली. "तिथली जागा धरलेली आहे, पोरी," तो म्हणाला. "आणि ऐक. त्याला हात शिकता येतात. एकदा ज्याच्या समोर काम केलं त्याचा हात तो उचलतो. आजा सांगायचा. हातावर विश्वास ठेवू नकोस."

तो गेला. फाटकापाशी एकदा थांबला, पण धुक्यात तो वळला की नाही हे तिला दिसलं नाही.

आठवा

सातवा पुरा केला. आठवा भरला. तिने गोळा मारला, पलीकडून गोळा आला. एवढंच.

नववा

दोन वाजले होते. नववा खण वरच्या ओळीत, उजव्या कोपऱ्याला. त्यात कोपऱ्यापाशी तिने वीतभर जागा सोडली. फोक दोन्हीकडे सारले आणि मधून सायडरचा मग जाईल एवढं भोक केलं. तिथून बाहेरचं धुकं दिसत होतं, दुधासारखं, काहीही नसलेलं.

तिने सगळं मनाशी नीट मांडून ठेवलं होतं. एनॉकचं काय चुकलं? जेवू घातलं हे चुकलं नाही. जेवू घालायलाच हवं होतं. चुकलं ते जोडीदार बघितला. कुडाचा जोडीदार कधी बघायचा नसतो. भिंत मध्ये असते ती त्यासाठीच. तेव्हा दार उघडायचं नाही आणि तीन टक करायच्या नाहीत. भिंतीतूनच वाढायचं, आणि भोक बुजवायचं. साडेतीनशे वर्षांची उधारी एका मगात फेडायची.

तिने मगात सायडर ओतली. पावाच्या कापावर चीज ठेवलं. मांडवळीवर चढली. डोळे मिटले आणि भरलेला मग भोकातून बाहेर धरला.

काही झालं नाही. सायडर तिच्या मनगटावरून ओघळत होती.

तेवढ्यात मगाचं वजन गेलं. कोणी ओढला नाही. नुसतं वजन गेलं. तिच्या बोटांना काहीतरी लागलं, ओलं आणि गार, तळ्याच्या तळाच्या मातीसारखं. तीन बोटं, आणि मध्ये वारा.

ती मोजत राहिली. एकवीस, बावीस. रिकामा मग परत आला. पाव दिला. तोही गेला.

"जेवलास," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "झालं तुझं काम. जा आता."

पलीकडे शांतता पसरली. नुसतं कोणी बोलत नाही अशी नाही. पाऊस थांबला की कौलांवर जी येते तशी. खांबात गेले सहा तास जे काही भरलं होतं ते उतरलं. तिला ते पायांच्या तळव्यांना कळलं. गेला, ती म्हणाली. तिने डोळे उघडले, शेवटचा गोळा उचलला आणि तेव्हा तिला घाबरायचं सुचलं: जोडीदार गेला तर हा गोळा आता पलीकडे कोण धरणार?

टक.

खांबाच्या डाव्या अंगाने. खालच्या बाजूला. उलट्या हाताने मारल्यासारखं, जरा घासून.

असं कोण वाजवायचं हे तिला माहीत होतं. तीस वर्षं माहीत होतं.

तिने गोळा मारला. पलीकडून गोळा आला. नेमका नाही, बोटभर वर. एनॉकचा नेहमी बोटभर वरच यायचा आणि ती नेहमी त्याला त्यावरून बोलायची.

"अरे खाली," ती म्हणाली.

टक टक. दाब.

तिने कोपऱ्यात पंजा टेकला. मातीचा थर तिथे पातळ होता, फोक बाजूला सारलेले. पलीकडून पंजा आला. तिच्या अंगठ्यावर अंगठा लागला. मग बोटांवर बोटं, पाचही. आणि तो हात गार नव्हता.

*हातावर विश्वास ठेवू नकोस.*

ती मोजायला लागली. दहाला हात काढायचा असतो. दहा झाले. वीस झाले. पन्नासापर्यंत ती अंक म्हणत होती, पुढे नुसती उभी होती. बोटांखाली माती आवळत गेली, पलीकडचा हात आधी पुसट झाला, मग नुसता आकार राहिला, मग भिंत झाली. खिडकीतला उजेड पिवळा होईपर्यंत ती तशीच होती. खोलीत वारा नव्हता. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच उत्तरेकडून वारा येत नव्हता.

घर वाचलं होतं. आणि तिने एनॉकला स्वतःच्या हाताने बाहेर लिंपून टाकलं होतं.

तपासणी, शुक्रवार, तेवीस ऑक्टोबर

उत्तरेची भिंत: पूर्ण बंद.

साहित्य: कूड व माती (ओली. वाळल्यावर चुना देणे).

फटी: नाहीत.

निर्णय: घर राहण्यास योग्य. नोटीस रद्द.

कौन्सिलचे मिस्टर स्पेन्सली सभ्य गृहस्थ होते. त्यांनी छत्रीच्या टोकाने प्रत्येक खण दाबून पाहिला आणि चहा घेतला.

"खरं सांगतो मिसेस बफ्टन, मला वाटलं नव्हतं. आतलं काम तुमचं?"

"हो."

"राग मानू नका, पण बाहेरचं सरस आहे. कोणाचं?"

"जोडीदार होता."

"त्यांचं नाव घालू का कागदावर?"

केझायाने त्यांच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं. "नको," ती म्हणाली. "तो बाहेरगावचा आहे."

साहेब गेल्यावर ती उत्तरेच्या बाजूला गेली. कोठारातली शिडी लावून वर चढली. आठ खणांच्या कोपऱ्यांतले ठसे तिने बघितले नाहीत. नवव्यातला बघितला. डावा हात, पाच बोटं, अंगठ्याच्या पेराला चीर.

त्या संध्याकाळी तिने आतून खांबावर एक टक केली. उत्तर आलं नाही. शनिवारी केली. रविवारी डॉर्कस समोर बसलेली असतानाही केली.

"काय गं करतेस?"

"लाकूड वाळतंय का बघते."

उत्तर कुठून येणार? भरलेल्या भिंतीशी जोडीदाराचं काय काम?

दहावा खण

उत्तरेच्या भिंतीत दहावा खण नाही. तो पूर्वेच्या भिंतीत आहे, टेबलाच्या बरोबर मागे, आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी एबेल प्रीस फाटकापाशी आला. त्याला घणाचे ठोके ऐकू आले नाहीत, पण धूळ दिसली. केझाया बाहेर अंगणात उभी राहून पूर्वेची भिंत फोडत होती. दगडासारखी घट्ट माती. घण बसला की ठिणगी उडावी अशी. ती थराथराने फोडत होती, घाई न करता. शेजारी पिंपात नवा चिखल तयार होता.

"वेडी झालीस काय गं!" तो ओरडत आला. "चांगली भिंत! वाजवून बघ, घंटेसारखी आहे ती!"

"पोकळ होती," केझाया म्हणाली.

"काय?"

"पोकळ!"

एबेलने पडलेलं ढेकूळ उचललं, हातात तोललं, आणि हळूच खाली ठेवलं. त्याचा गळ्यातला हात आता मोकळा झाला होता, पण त्याने तो खिशात घातला.

"मी बाहेर उभा राहणार नाही, केझाया."

"तुम्हाला कोण म्हणतंय?"

"तो एनॉक नाही, पोरी."

तिने घण टेकवला. चेहऱ्यावर पांढरी धूळ बसली होती आणि त्यामुळे ती बरीच तरुण दिसत होती. "त्याचा गोळा बोटभर वर येतो," ती म्हणाली. हे मात्र ती हळू बोलली. एबेलने तिच्या ओठांकडे बघितलं, आणि ओठ कळले तरी न कळल्यासारखं केलं.

"शुक्रवारी येतोस का ॲपल पाय खायला?" त्याने उगाच विचारलं, एनॉक असताना एनॉकला विचारायचा तसं. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो गेला.

दुपारपर्यंत तिने नवे फोक विणले. मग ती आत गेली, बाहेर कोणी नसताना, आणि दोन मग टेबलावर ठेवून दोन्ही काठोकाठ भरले. पुढच्या दाराची कडी काढली. दार लोटून ठेवलं, बोट जाईल एवढं.

मग चिखलाचा पहिला गोळा हातात घेऊन तिने खांबावर टक केली.

अंगणात कोंबड्या एकदम गप्प झाल्या.

टक, बाहेरून आलं. खालून, डाव्या अंगाने, जरा घासून.

चार वाजेपर्यंत खण भरला. बोटभर वर येणाऱ्या प्रत्येक गोळ्यावर ती काहीतरी बोलली, आणि एकदा हसलीसुद्धा. शेवटचा हात टेकताना तिने दहापर्यंतच मोजलं. या वेळी तिला थांबायची गरज नव्हती.

तिने हात धुतले. टेबलाशी आपल्या नेहमीच्या जागी बसली, दाराकडे तोंड करून. मान वर ठेवली. मग मागे हात नेऊन, भिंतीकडे न बघता, खुरप्याच्या मुठीने खांबावर वाजवलं.

टक.

टक.

टक.